तुरीचा भुंगा, ज्वारीचे सोंडे आणि गावातला झाडपाला: अर्काची चाचणी कशी घ्यावी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून प्रश्न आला आहे. शाळेचे विज्ञान शिक्षक आणि महिला बचत गट मिळून कडुनिंब, निरगुडी, करंज आणि सीताफळ यांचे अर्क काढणार आहेत. ते तुरीच्या भुंग्यावर आणि ज्वारीच्या सोंड्यांवर तपासायचे आहेत. अर्क कसा काढावा, किती घालावा आणि गुण आला हे कशावरून ठरवावे, असे त्यांनी विचारले आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक चाचण्या तिथेच फसतात. बरणीत किडे सोडले, अर्क घातला, तीन दिवसांनी मेलेले किडे मोजले आणि निकाल लिहिला, एवढ्यावर थांबू नका. साठवणीतले नुकसान डोळ्यांना दिसणाऱ्या किड्यामुळे कमी आणि दाण्याच्या पोटात वाढणाऱ्या अळीमुळे जास्त होते. तुरीचा भुंगा तर मोठा झाल्यावर धान्य खातच नाही. तो ८ ते १२ दिवस जगतो, मिलन करतो, अंडी घालतो आणि मरतो. तुमच्या अर्काने तो पाचव्या दिवशी मेला, पण तोवर अंडी घालून झाली असतील, तर शेतकऱ्याच्या पदरात काही पडले नाही. म्हणून मुख्य मोजणी एकच: महिनाभरानंतर त्या धान्यातून नवे किडे किती निघाले. बाकी सगळ्या मोजण्या तिला जोड म्हणून.

दोन्ही किडींची राहणी वेगळी आहे आणि चाचणीही त्याप्रमाणे बदलते. भुंग्याची मादी दाण्याच्या सालीवर अंडे चिकटवते, ते नुसत्या डोळ्यांनी दिसते. एक मादी साधारण ८० ते १०० अंडी घालते. चार ते सहा दिवसांत अळी अंड्याच्या तळातूनच सरळ दाण्यात शिरते. शिरताना तिचा भुगा टरफलात भरतो, म्हणून उबलेले अंडे पांढरेशुभ्र दिसते, तर न उबलेले काचेसारखे पारदर्शक राहते. १० पट भिंगातून हा फरक स्पष्ट कळतो आणि अर्क अंड्यावर चालला की नाही हे त्यावरूनच ठरते. २८ ते ३० अंश तापमानात २५ ते ३० दिवसांत दाण्याला गोल खिडकी पाडून नवा भुंगा बाहेर येतो. सोंड्याची मादी मात्र सोंडेने ज्वारीच्या दाण्याला भोक पाडते, आत अंडे ठेवते आणि वरून चिकट बूच लावते. बाहेरून काहीच दिसत नाही. तिचा जन्मभराचा आकडा ३०० ते ४०० अंड्यांपर्यंत जातो, पिढीला ३० ते ४० दिवस लागतात आणि मोठा किडा महिनोन्‌महिने दाणे खात जगतो. त्यामुळे खाणे थांबवणारा अर्क सोंड्यावर कामाचा ठरू शकतो. भुंग्यावर त्या गुणाला काही अर्थ नाही, तिथे अंडी रोखणारा किंवा अंडी मारणारा अर्क हवा.

आता धान्य. बाजारातून आणलेली तूर वापरू नका. तिला आधी धूरी दिलेली असू शकते, किंवा तिच्या पोटात आधीच अळ्या असू शकतात. हा भुंगा शेतातच वाळत्या शेंगांवर अंडी घालतो आणि खळ्यातून कट्ट्यात, म्हणजे पोत्यात, येतो, त्यामुळे स्वच्छ दिसणारी घरची तूरही संशयातीत नसते. काढणीनंतर कोणतेही औषध न लावलेली घरची तूर आणि ज्वारी घ्या, चाळून फुटके दाणे काढा, पॉलिथिनच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर थंड दाण्यांवर पाणी सुटते. मग धान्य सावलीत आठवडाभर पसरून ठेवा. त्यातले १०० ग्रॅम वेगळ्या बरणीत ४५ दिवस ठेवून बघा. त्यातून एकही किडा निघता कामा नये. निघाला, तर फ्रीजर पुरेसा थंड नव्हता, आणि त्या धान्यावरची कोणतीही मोजणी ग्राह्य नाही.

किड्यांची पैदास हे दुसरे काम. कुणाच्याही कोठीतून ५०-६० भुंगे आणा, अर्धा किलो स्वच्छ तुरीवर काचेच्या बरणीत सोडा, तोंडाला मलमलचे कापड आणि रबर लावा. पाच दिवसांनी चाळून मोठे भुंगे काढून टाका. पुढच्या पिढीचे भुंगे निघू लागले की संध्याकाळी बरणी चाळून सगळे बाजूला करा. दुसऱ्या दिवशी सकाळी जे दिसतील ते एक दिवसाच्या आतले, चाचणीसाठी तेच घ्या. सोंडे मात्र एक ते दोन आठवडे वयाचे घ्यावेत. म्हातारे किडे आपोआप मरतात आणि श्रेय अर्काला मिळते.

नर-मादी ओळखणे आवश्यक आहे, कारण बरणीत एक मादी कमी-जास्त झाली तरी अंड्यांचा आकडा हलतो. तुरीवर सहसा दोन जातींचे भुंगे सापडतात. एकात नराच्या मिशा कंगव्यासारख्या फुटलेल्या आणि मादीच्या साध्या करवतीसारख्या असतात, शिवाय मानेच्या मागच्या कडेला दोन उठावदार पांढरे ठिपके दिसतात. दुसऱ्यात पंखांवर काळे डाग असतात, आणि मादीच्या शेपटाकडच्या उघड्या भागावर मध्ये पांढरी रेघ व दोन्ही बाजूंना काळे पट्टे असतात. दोन्ही जाती एका चाचणीत मिसळू नका. ओळख पक्की नसेल तर २०-२५ भुंगे लहान बाटलीत स्पिरिटमध्ये घालून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात दाखवून घ्या. सोंड्यात नराची सोंड आखूड, जाड आणि खरबरीत, मादीची लांब, बारीक आणि गुळगुळीत. ते भिंगाखाली सरावाने जमते. नाहीच जमले तर प्रत्येक बरणीत २० सोंडे न निवडता सोडा.

विदर्भाच्या हवेचा विचार आधी करा. मे महिन्यात यवतमाळ-चंद्रपूरकडे खोलीतले तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि हवा सुकी होते. तेव्हा अर्क न घातलेल्या बरणीतलेही किडे मरतात किंवा अंडी सुकतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पिढी लांबते आणि २५ दिवसांचे काम ५० दिवसांवर जाते. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा चाचणीचा चांगला काळ, फेब्रुवारी-मार्चही चालतो. मातीच्या भिंतीची, सावलीतली खोली निवडा. ओलावा स्थिर ठेवायचा सोपा उपाय म्हणजे मीठ. झाकणाच्या मोठ्या टबात तळाशी ताटलीत साधे मीठ घ्या आणि पाणी घालून ओल्या वाळूसारखे करा, काही मीठ न विरघळता राहिलेच पाहिजे. वर लाकडी पट्ट्या टाकून बरण्या ठेवा. टबातली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास राहते. दिवसातून एकदा झाकण पाच मिनिटे उघडा. एक थर्मामीटर-आर्द्रतामापक आत ठेवून रोज सकाळ-संध्याकाळ वहीत नोंद करा.

झाडांबद्दल. निंबोळीचा गुण पाल्यापेक्षा बीच्या आतल्या मगजात कितीतरी जास्त असतो. जून-जुलैत पिकून पडलेल्या निंबोळ्या त्याच दिवशी वेचा, पाण्यात चोळून साल-गर काढा आणि बिया सावलीत वाळवा. ढीग करून ठेवल्या तर बुरशी धरतात, आणि बुरशी लागलेल्या बिया धान्याजवळही आणू नयेत. उन्हात वाळवल्या तर ॲझाडिरॅक्टिन हे मुख्य द्रव्य विघटते. जुन्या बियांत ते कमी होत जाते, म्हणून त्याच हंगामातल्या वापरा. निरगुडीचा गुण मुख्यतः उडून जाणाऱ्या वासाच्या तेलात आहे. तिचा पाला पातळ पसरून सावलीत वाळवा, चुरचुरीत झाला की लगेच कुटून बंद बरणीत भरा. घाणेरी, म्हणजे टणटणी, बांधाबांधावर आहे आणि तीही तपासण्यासारखी आहे. मात्र ती आणि सीताफळ दोन्ही मुळात अमेरिकेकडची, तेव्हा अहवालात त्यांना देशी झाडे म्हणू नका. प्रत्येक झाडाची फांदी, फुलासह शक्य असेल तर, वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि तारीख, गाव, शिवार लिहून ठेवा. पुढे कुणी विचारले की नेमके कोणते झाड, तर हाच पुरावा. गोंदिया-गडचिरोलीकडे किंवा कुठेही वनहक्काच्या जंगलातून गोळा करणार असाल तर ग्रामसभेला आधी सांगा.

सीताफळाच्या बियांसाठी वेगळी सूचना. त्यांची पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला गंभीर इजा होते. मुलांच्या हाती कुटायला देऊ नका. कुटणाऱ्याने चष्मा आणि तोंडाला फडके बांधावे, हात धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नये. बिबा, धोतरा, कण्हेर, एरंडाच्या बिया आणि रुईचा चीक शाळेच्या चाचणीत अजिबात घेऊ नयेत. वेखंड किड्यांवर जोरकस आहे हे खरे, पण त्यातल्या असारोन या द्रव्याबद्दल कर्करोगाची शंका आहे. खाण्याच्या धान्यासाठी त्याचा विचार सोडावा.

अर्क पाण्यात काढावा का, असा प्रश्न हमखास येतो. शेतात फवारतो तो ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे ५ किलो कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर पाण्यात भिजवून १०० लिटरला केलेला, सगळ्यांना माहीत असतो. तोच धान्यावर शिंपडण्याचा मोह होतो. हिशेब करून पाहा. १० टक्के ओलावा असलेल्या एक किलो तुरीत १०० ग्रॅम पाणी आहे. त्यावर १० मिलि. पाणी पडले की ओलावा सुमारे १०.९ टक्के होतो, ५० मिलि. पडले की १४ टक्क्यांच्या पुढे. कडधान्य ९ ते १० टक्के आणि ज्वारी-गहू १२ टक्क्यांच्या आत असले तरच टिकते. ओल वाढली की बुरशी लागते आणि किडाही जोमाने वाढतो. पाण्यातला अर्क रिकामा कट्टा भिजवायला वापरावा: कट्टा बुडवून सावलीत पूर्ण कोरडा करावा, मग धान्य भरावे. तीही एक वेगळी चाचणी होऊ शकते.

धान्यावरच्या चाचणीसाठी ॲसिटोन घ्या. १०० ग्रॅम वाळलेली, बारीक चाळणीतून काढलेली पूड काचेच्या बरणीत घ्या, ५०० मिलि. ॲसिटोन ओता, झाकण घट्ट लावा. ४८ तास ठेवा आणि मधूनमधून हलवा. आधी तलम कापडातून, मग गाळणकागदातून गाळा. गाळलेला द्रव पसरट काचेच्या भांड्यात ओसरीवर, पंख्याच्या वाऱ्यात उडू द्या. घाई असेल तर खाली गरम पाण्याची परात ठेवा. चूल, गॅस, विडी यांपैकी काहीही त्या जागी नको. ॲसिटोनची वाफ जमिनीलगत सरकते आणि दूरची ज्योतही पकडते. मागे उरतो तो चिकट, गडद अर्क. लागोपाठ दोन वजने सारखी येईपर्यंत त्याला सुकू द्या. निंबोळी, करंज आणि सीताफळाच्या बियांचा अर्क तेलकटच राहील, तो कोरडा होण्याची वाट पाहू नका. किती ग्रॅम अर्क मिळाला ते न चुकता लिहा, पुढे त्या आकड्याचे फार महत्त्व आहे.

प्लास्टिकच्या बरण्या आणि इंजेक्शनच्या सिरिंज या कामाला चालत नाहीत. ॲसिटोनने बरेच प्लास्टिक पांढुरके आणि चिकट होते, सिरिंजचे रबर फुगून अडकते आणि माप चुकते. काचेच्या लोणच्याच्या बरण्या आणि काचेची पिपेट घ्या. वजनाला सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा लागतो.

मात्रा अशी बसवा. २ ग्रॅम अर्क ॲसिटोनमध्ये विरघळवून एकूण २० मिलि. करा. हे १० टक्के द्रावण. त्यातले निम्मे घेऊन तेवढेच ॲसिटोन मिसळले की ५ टक्के, असे करत २.५ आणि १.२५ टक्क्यांपर्यंत या. एका बरणीला ५० ग्रॅम तूर आणि २.५ मिलि. द्रावण. म्हणजे सर्वांत तीव्र मात्रेत ५० ग्रॅमला २५० मिलिग्रॅम, किलोला ५ ग्रॅम. पुढच्या मात्रा किलोला २.५, १.२५ आणि ०.६२५ ग्रॅम. प्रत्येक मात्रेच्या चार बरण्या करा आणि प्रत्येक बरणीला तेच द्रावण वेगळे मोजून घाला. २०० ग्रॅमला एकदम लावून मग चार वाटे केले तर त्या चार बरण्या नसून एकच बरणी आहे. द्रावण थेंबाथेंबाने टाकून झाकण लावा, दोन मिनिटे बरणी आडवी फिरवा, मग दाणे कागदावर पसरून दोन तास वारा द्या. नाकाला ॲसिटोनचा वास आला तर अजून थांबा. मग दाणे बरणीत परत, त्यावर पाच नर आणि पाच माद्या.

तुलनेच्या बरण्या हा या कामाचा कणा आहे, त्यात काटकसर करू नका. चार बरण्या नुसत्या धान्याच्या. चार बरण्या फक्त ॲसिटोन लावून उडवलेल्या. दोघींत फरक दिसला तर ॲसिटोन नीट उडालेले नाही. तुम्ही अर्काऐवजी पूड तपासणार असाल तर आणखी एक जोड हवी. कोणतीही बारीक भुकटी, अगदी राख किंवा विटेची पूडही, किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडून त्याला सुकवून मारू शकते. मग निरगुडीची पूड मारते की नुसती पूड मारते? यासाठी अर्क काढून उरलेला चोथा पूर्ण वाळवून, त्याच चाळणीतून काढून, तेवढ्याच मात्रेत वेगळ्या बरण्यांत घाला. चोथ्यानेही तेवढेच किडे कमी झाले तर गुण झाडाच्या द्रव्याचा नाही. तेलाच्या चाचणीतही हेच. निंबोळी तेल किलोला ५ मिलि. लावले की भुंग्याची अंडी मोठ्या प्रमाणात मरतात, पण जवसाचे किंवा भुईमुगाचे तेल तेवढेच लावले तरी बरीच मरतात, कारण तेलाचा पापुद्रा अंड्याचा श्वास कोंडतो. म्हणून निंबोळी आणि करंज तेलाशेजारी जवस तेलाच्या चार बरण्या हव्यातच. मोहाच्या बियांचे तेल गावात असेल तर तेही बसवा.

बरण्यांवर झाडाचे नाव लिहू नका, फक्त आकडा लिहा आणि आकड्याची यादी मोजणाऱ्याखेरीज दुसऱ्याकडे ठेवा. आपल्या आवडत्या झाडाच्या बरणीत मेलेले किडे जास्त दिसतात, हा सगळ्यांचाच स्वभाव आहे. बरण्या टबात मिसळून ठेवा आणि दर आठवड्याला जागा बदला.

मोजणी. २४, ४८ आणि ७२ तासांनी मेलेले किडे मोजा, पण सावधपणे. भुंगा आणि सोंडा दोघेही धक्का लागला की पाय आखडून मेल्याचे सोंग घेतात. किडा पांढऱ्या कागदावर ठेवा, दहा मिनिटे थांबा, मऊ ब्रशने मिशी आणि पाय हलवून पाहा. काही अर्क किड्याला फक्त गुंगी आणतात, म्हणून मेलेले वाटतात ते स्वच्छ बरणीत वेगळे ठेवून २४ तासांनी पुन्हा पाहा. कंट्रोलमध्ये, म्हणजे अर्क नसलेल्या तुलनेच्या बरण्यांत, मेलेल्यांचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असेल तर आकडे तसेच ठेवा. ५ ते २० टक्के असेल तर ॲबटचे १९२५ सालचे सूत्र लावा: अर्काच्या बरणीतील मृत्यूच्या टक्केवारीतून कंट्रोलची टक्केवारी वजा करा, उत्तराला १०० वजा कंट्रोलच्या टक्केवारीने भागा, १०० ने गुणा. समजा अर्कात ६० टक्के आणि कंट्रोलमध्ये १० टक्के मेले, तर ५० भागिले ९०, म्हणजे ५५.६ टक्के. कंट्रोलमध्येच २० टक्क्यांहून जास्त मेले तर ती फेरी टाकून द्या आणि कारण शोधा: उष्णता, सुकी हवा, म्हातारे किडे किंवा राहिलेले ॲसिटोन.

निंबोळीचा अर्क इथे नापास झालेला दिसेल. घाबरू नका. ॲझाडिरॅक्टिन झटक्यात मारत नाही. ते खाणे थांबवते, कात टाकणे बिघडवते, अंड्यांची संख्या घटवते. त्याचा निकाल तीन दिवसांत लागत नाही.

सातव्या दिवशी बरणीतले सगळे मोठे किडे, जिवंत आणि मेलेले, काढून टाका. भुंग्याच्या बरणीतून न निवडता १०० दाणे घ्या, भिंगाखाली त्यांच्यावरची एकूण अंडी मोजा, आणि दहाव्या-बाराव्या दिवशी पांढरी किती व पारदर्शक किती ते मोजा. दाणे परत बरणीत टाका. विसाव्या दिवसापासून रोज निघालेले भुंगे मोजून बाहेर काढा. न काढता ठेवले तर तेच अंडी घालतील आणि दुसरी पिढी पहिलीत मिसळेल. भुंग्यासाठी ४५ व्या दिवशी, सोंड्यासाठी ६० व्या दिवशी मोजणी बंद करा. समजा ॲसिटोनच्या बरण्यांत सरासरी १२० भुंगे निघाले आणि अर्काच्या बरण्यांत ३०, तर घट ७५ टक्के.

चारही बरण्यांचे आकडे वेगवेगळे लिहा, एकत्र करू नका. एका मात्रेच्या बरण्यांत २०, २५, ३५, ४० आणि दुसरीत ३०, ३८, ४५, ५० आले तर पहिली चांगली असे म्हणण्याची घाई नको. दोन्हींचे आकडे एकमेकांत शिरलेले आहेत, फेरी पुन्हा घ्या. सगळ्या चाचण्या निदान दोनदा, वेगळ्या पैदाशीच्या किड्यांवर व्हायला हव्यात.

शेतकऱ्याला पटणारा आकडा वजनातल्या घटीचा. २०० दाणे घ्या, चांगले आणि किडलेले वेगळे करा, दोन्हींची संख्या आणि वजन लिहा. समजा चांगले १६० दाणे १६ ग्रॅमचे आणि किडलेले ४० दाणे ३.२ ग्रॅमचे. चांगल्याचे वजन गुणिले किडलेल्यांची संख्या, ६४०. किडलेल्याचे वजन गुणिले चांगल्यांची संख्या, ५१२. फरक १२८. त्याला चांगल्याचे वजन गुणिले एकूण दाणे, म्हणजे ३२०० ने भागा. घट ४ टक्के.

किडा पळवण्याचा गुण पाहायचा असेल तर गाळणकागदाची वर्तुळे अर्धी कापा, एका अर्ध्यावर अर्क, दुसऱ्यावर नुसते ॲसिटोन, वाळल्यावर जोडून मध्ये २० किडे सोडा आणि तासातासाने कुठे किती ते मोजा. निरगुडी इथे चमकते. पण तो वास किती दिवस टिकतो, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी धान्याला एकदाच अर्क लावा आणि वेगवेगळ्या बरण्यांत ०, ३०, ६० आणि ९० व्या दिवशी किडे सोडा. तूर फेब्रुवारीत कोठीत जाते आणि बियाणे जूनमध्ये लागते, म्हणजे निदान चार महिन्यांचे रक्षण हवे. पहिल्या दिवशी शंभर गुण आणि तिसाव्या दिवशी शून्य, असा अर्क घरगुती साठवणीला पुरत नाही.

आता अर्काच्या वजनाचा जो आकडा लिहून ठेवला होता तो काढा. १०० ग्रॅम पुडीतून ८ ग्रॅम अर्क निघाला असे समजू, आणि किलोला ५ ग्रॅमची मात्रा चालली. म्हणजे एक किलो तुरीला ६२.५ ग्रॅम पूड. ५० किलोच्या कट्ट्याला ३ किलो १२५ ग्रॅम वाळलेली पूड आणि त्यासाठी साधारण तिप्पट ओला पाला. गावात २०० कट्टे असतील तर ६०० किलोंहून जास्त पूड लागेल. निरगुडीच्या बांधांना हे झेपेल का? चाचणीत पहिला आलेला अर्क इथे मागे पडतो आणि किलोला ५ मिलि. तेल, म्हणजे कट्ट्याला पाव लिटर, पुढे येते. माझे स्पष्ट मत आहे की बचत गटाने कमी मात्रेत चालणाऱ्या अर्काच्या मागे लागावे. किलोला २० ग्रॅम लागणारा अर्क कितीही गुणी असला तरी कागदावरच राहील.

बियाणे आणि खाण्याचे धान्य यांचे निकाल वेगळे मांडा. बियाण्यासाठी उगवण तपासा: प्रत्येक मात्रेचे १०० दाणे, चार वेळा, ओल्या कागदाच्या गुंडाळीत. प्रमाणित बियाण्यासाठी तुरीला किमान ७५ टक्के उगवण लागते. काही तेले जास्त मात्रेत उगवण दाबतात, म्हणून नुसता किडा मेला हे पुरेसे नाही. खाण्याच्या तुरीला निंबोळी, करंज किंवा सीताफळ लावू नका. कडूपणा धुऊनही पूर्ण जात नाही, आणि करंज-सीताफळ पोटात जाण्याजोगे नाहीत. खाण्याच्या धान्यासाठी जवस, भुईमूग किंवा सोयाबीनचे खाद्यतेल, गोवऱ्यांची चाळलेली राख, आणि निरगुडीचा पाला धान्यात न मिसळता कापडाच्या पुरचुंडीत, एवढेच पर्याय तपासा. तूर भरडून डाळ करून ठेवली तर हा भुंगा तिच्यावर फारसा टिकत नाही, तोही एक पर्याय तुलनेत धरा.

तुलनेत उन्हालाही जागा द्या. विदर्भाच्या एप्रिल-मेच्या उन्हात काळ्या पॉलिथिनवर तुरीचा दोन बोटे जाड थर पसरून वरून पारदर्शक पॉलिथिनने बंद केला तर आतले तापमान ५५ ते ६० अंशांवर जाते. ते तासभर टिकले की अंडी आणि दाण्यातल्या अळ्या दोन्ही मरतात. थर्मामीटर थराच्या मध्ये खुपसून पाहा. बियाण्याच्या तुरीला हे करणार असाल तर ती नीट वाळलेली असावी आणि उगवण तपासावी. उपाय फुकट आहे. मात्र उन्हाचा परिणाम उरत नाही, नंतर बाहेरून किडा आला तर धान्य उघडेच असते, म्हणून ऊन आणि मग तेल अशी जोडबरणीही लावून पाहा. हे सगळे उपाय तपासण्याला एक मोठे कारण आहे: ॲल्युमिनिअम फॉस्फाइडच्या गोळ्या आजही घराघरांत कोठीत टाकल्या जातात. त्यातून निघणारा फॉस्फीन वायू झोपेत माणसे मारतो. त्यांचा वापर शासकीय यंत्रणा आणि प्रशिक्षित धूरीकारांपुरताच आहे, चाचणीतही त्या घरात आणू नका.

अर्क बाटलीत भरून कीटकनाशक म्हणून विकायचा विचार पुढे आला, तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. जंगलातली वनस्पती व्यापारासाठी वापरायची तर २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे राज्य जैवविविधता मंडळाशी बोलावे लागते, त्याचे कार्यालय नागपूरलाच आहे. गटातल्या घरांनी आपापल्या कोठीसाठी तेल लावणे ही वेगळी गोष्ट आहे.

बरणीत जिंकलेले दोनच उपाय घेऊन मग १० किलोच्या कट्ट्यांवर या, पाच घरांत, प्रत्येक घरी उपायाचा एक आणि बिनउपायाचा एक कट्टा शेजारी-शेजारी. तेल लावताना एकदम १० किलोवर ओतू नका. आधी एक किलो तुरीला सगळे ५० मिलि. तेल हाताने चोळा, मग ती तूर उरलेल्या नऊ किलोत परातीत मिसळा, नाहीतर काही दाणे तेलकट आणि काही कोरडे राहतात आणि भुंगा कोरडे दाणे शोधून काढतो. दर महिन्याला कट्ट्याच्या वर, मध्ये आणि तळाशी बांबूच्या नळीने नमुना काढा, तिन्ही ठिकाणचे मिळून ५०० दाणे मोजा. आणि संपलेल्या बरण्यांतले धान्य उकिरड्यावर किंवा कोंबड्यांपुढे टाकू नका. त्यात अर्क आहे आणि जिवंत अळ्याही आहेत. दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा किंवा पॉलिथिनमध्ये बंद करून उन्हात तापवा, मग कोठीपासून दूर खड्ड्यात पुरा.